ड्रम उघडायच्या आधी एसडीएस वाचा
वाळूज एमआयडीसीत नवीन लागलेल्या पोरांनो, केमिकलला हात लावायच्या आधी सेफ्टी डेटा शीट (एसडीएस, म्हंजी त्या केमिकलचा धोका अन् काळजी लिहिलेला कागद) मागा, लाजू नका. 16 सेक्शन असतेत, पाठ करायची गरज नाही, पण 2 मधी धोका, 8 मधी कोणते ग्लोव्हज-गॉगल लागतेत ते अन् 4 मधी फर्स्ट एड, एवढं आधीच वाचून ठेवा, कारण डोळ्यात उडाल्यावर कागद शोधायला टाईम नसतो, कॉस्टिक सोड्यासारखं जाळणारं केमिकल उडालं तर लगेच पापण्या उघड्या धरून निदान 15 मिनिटं पाण्यानं धुवायचं, मग दवाखाना, शीट सोबत न्यायची, डॉक्टरला लागती. ॲसिड अन् ब्लीच एका रॅकवर नकोच, मिसळलं तर क्लोरीन गॅस होतो. काहीजण पाण्याच्या बाटलीत केमिकल भरून ठेवायलेत, ते बघून जीव घाबरा होतो माझा. इंग्रजी कळंना तर सुपरवायझरला मराठीत समजावून सांगायला लावा.