एल्कसाठी गोळी निवडताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे सांबराच्या कुळातल्या धिप्पाड प्राण्याच्या, शिकारीचं लायसन्स हातात पडलं की आमच्यातला नवशिका पहिल्यांदा कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या जाडीवर, वाद घालतो. घालू द्या. .२७० असो, ७ मिमी मॅग्नम असो की माझी जुनी .३०-०६, एल्क तिन्हींनी पडतो. गोळीची निवड चुकली तर तिन्हींनी जखमी होऊन पळतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारच बंद, त्यामुळे घरच्या जाणत्या माणसाला विचारावं तर तीही सोय नाही. म्हणून हे लिहितोय.

इथला नियम सांगतो: एल्कला किमान .२४ कॅलिबर, गोळी किमान ८५ ग्रेन वजनाची आणि फुलणारी, म्हणजे आत शिरल्यावर पसरणारी. ८५ ग्रेन म्हणजे साडेपाच ग्रॅम. कायद्याला चालेल, मला नाही चालत. .३०-०६ मध्ये मी १६५ ग्रेनच्या खाली जात नाही.

खरा प्रश्न गोळीच्या बांधणीचा. स्वस्त डब्यातली गोळी म्हणजे शिसं आणि त्यावर तांब्याचं पातळ कवच. हरणाला उत्तम. पण एल्कचा मोठा नर तीनशे किलोच्या पुढे जातो, आणि खांद्याचं हाड मध्ये आलं की ही गोळी तिथेच फुटून जाते, फुप्फुसापर्यंत पोचतच नाही. लोकांना वाटतं लांबचा नेम अवघड, जवळचा सोपा. गोळीच्या दृष्टीने उलटं आहे: पन्नास यार्डांवर वेग जास्त, म्हणून फुटायची भीतीही जास्त. गोळ्या बनवणारे जॉन नॉस्लर यांना १९४६ साली कॅनडात मूसवर, म्हणजे एल्कहूनही मोठ्या प्राण्यावर, गोळी अशीच फुटण्याचा अनुभव आला. त्यांनी गोळीच्या पोटात तांब्याचा पडदा घातला. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. ती पार्टिशन गोळी आजही मिळते. शिसं कवचाला घट्ट जोडलेली बाँडेड गोळीही चांगली.

मी स्वतः अखंड तांब्याची वापरतो. कारण सरळ आहे, घरात लहान मुलं आहेत आणि एल्कचा खिमा वर्षभर पुरतो. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात, डोळ्यांना दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांबं वजन टिकवतं, त्यामुळे १८० ऐवजी १६५ घेतली तरी भागतं. खोट एकच: वेग घटला की तांबं नीट फुलत नाही. बऱ्याच गोळ्यांना सेकंदाला १८०० फूट तरी लागतात. डब्यावरचा वेग बहुधा २४ इंची नळीचा असतो. तुमची २० ची असेल तर कमीच धरा आणि त्यावरून अंतराची मर्यादा ठरवा.

मग दोन-तीन कंपन्यांचा एकेक डबा आणा. शंभर यार्डांवर तीन-तीन बार काढा, मध्ये नळी गार होऊ द्या, गोळी बदलताना नळी साफ करा. नळीला कुठली मानवते ते कागदावरच कळतं. पसंत पडली की त्याच लॉट नंबरचे (म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेचे) दोन-चार डबे एकदमच उचला. ऑक्टोबर आला की दुकानात नेमकी तीच संपलेली असते.