छाटणीच्या हंगामाआधी चेनसॉची चेन बदलताना

छाटणीचा हंगाम तोंडावर आला की चेनसॉ बाहेर काढायची वेळ येते. इंजिन सुरू होतंय ना, एवढं पाहून बरेच जण थेट झाडाकडे वळतात. चेनकडे लक्ष जातं ते मशीन फांदीत अडकायला लागल्यावर. झाडाखाली उभं राहून, घाईगडबडीत चेन बदलण्यापेक्षा हे काम आधीच उजेडात निवांत बसून उरकून घ्या.

चेन बदलायची की नुसती धार लावायची, हे आधी ठरवा. धार चांगली असेल तर लाकडाच्या ढलप्या उडतात. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला आणि मशीन दाबल्याशिवाय कापेना, तर धार गेली आहे. तेवढ्यासाठी चेन टाकून देऊ नका, कानस मारली की ती पुन्हा चालते. कापताना मशीन एका अंगाला ओढत असेल तर दोन्ही बाजूंचे दात सारखे राहिलेले नसतात, तेही बहुधा कानशीने जुळवता येतात. मात्र दात झिजून त्यावरच्या खुणेच्या रेघेपर्यंत आले असतील, कडीला तडा दिसत असेल किंवा रिव्हेट सैल झाला असेल, तर ती चेन पुन्हा मशीनवर चढवू नका. पूर्ण वेगात तुटलेली चेन माणसाच्या अंगावर येऊ शकते.

नवी चेन घेताना नुसती बारची, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीची, लांबी सांगून भागत नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे चेनच्या खालच्या बाजूच्या कड्यांची, संख्या. बहुतेक बारवर ही मापं कोरलेली असतात, पण तेलकट भुशाखाली झाकली जातात, म्हणून आधी बार पुसून घ्या. सलग तीन रिव्हेटांमधल्या अंतराचं निम्मं म्हणजे पिच. 3/8 इंच आणि 0.325 इंच ही नेहमीची मापं. त्यातही 3/8 मध्ये साधी आणि लो प्रोफाइल (कमी उंचीची) असे वेगळे प्रकार येतात, एकाच्या जागी दुसरी बसवू नका. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या लिंकची जाडी, 1.1, 1.3, 1.5 किंवा 1.6 मिमी. बारीक गेजची चेन रुंद खाचेत कलते आणि काप वाकडा जातो. बारवर लिंकची संख्या दिसत नसेल तर जुन्या चेनच्या खालच्या बाजूच्या लिंक मोजून घ्या.

उघडण्याआधी मशीन बंद करून थंड होऊ द्या. स्पार्क प्लगची टोपी काढा, बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढा, आणि जाड हातमोजे घाला. चेन ब्रेक सोडलेला हवा, नाहीतर काही मशीनचं कव्हर नीट बसत नाही. मग नट काढा, कव्हर उतरवा, टेन्शनचा (चेनचा ताण कमी-जास्त करणारा) स्क्रू सैल करा आणि चेन काढून घ्या.

खरं काम इथे आहे, आणि नेमकं हेच बहुतेक जण टाळतात. बारच्या खाचेत साचलेला मळ पातळ पट्टीने खरवडून काढा आणि तेलाचं भोक मोकळं करा. भोक बुजलेलं असेल तर टाकीत कितीही तेल असलं तरी चेन कोरडीच फिरते. बारच्या कडांना बोट जपून लावा. झिजून धारदार कंगोरे आले असतील तर सपाट कानशीने काढा. प्रत्येक वेळी बार उलटा करून बसवा, म्हणजे खालची-वरची बाजू सारखी झिजते. मग स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, पाहा. त्यावर खोल खड्डे पडले असतील तर आधी तेच बदला, कारण झिजलेलं स्प्रॉकेट नव्या चेनच्या लिंक लवकर खराब करतं. साधारण दोन चेनमागे एक स्प्रॉकेट, असा हिशेब ठेवा.

चेन चढवताना बारच्या वरच्या अंगाला दातांची धार टोकाकडे, म्हणजे आपल्यापासून दूर हवी. उलटी बसलेली चेन फिरते, पण कापत नाही. लिंक खाचेत आणि स्प्रॉकेटवर नीट बसल्या, टेन्शनची पिन बारच्या भोकात गेली, की कव्हर लावून नट हातानेच आवळा. आता बारचं टोक वर उचलून धरा आणि टेन्शनचा स्क्रू फिरवा. चेन खालून बारला टेकली पाहिजे आणि हाताने ओढली तर सहज सरकली पाहिजे. टोक तसंच उचललेलं ठेवून नट पक्के करा. टोक खाली सोडून आवळले तर काम सुरू होताच चेन पुन्हा सैल पडते.

नवी चेन पहिल्या दिवशी ताणली जाते. आधी काही मिनिटं कमी वेगात चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा टेन्शन पाहा, आणि दिवसभर अधूनमधून पाहत राहा. बारचं टोक जमिनीला न टेकवता फिकट फळीसमोर धरून रेस दिली की तेलाची बारीक रेघ उमटायला हवी. चेनसाठीचंच तेल भरा, इंजिनचं जळकं तेल नको. रेस सोडल्यावरही चेन फिरत राहिली तर आयडल (रेस न देता इंजिनचा वेग) दुरुस्त होईपर्यंत मशीन वापरू नका.

काम करताना, गरम असताना चेन ताणली असेल तर दिवस संपल्यावर ती थोडी सैल करून ठेवा. थंड होताना चेन आखडते आणि क्रँकशाफ्ट, बेअरिंगवर ओढ येते. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करण्याआधी टेन्शन पुन्हा लावून घ्या.