सीटीआर पडला की लगेच बिड वाढवताय? थांबा, या चुका टाळा

महिन्यातून दोनतीन जण तरी मला त्यांचं गूगल ॲड्सचं अकाउंट दाखवतात आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, सीटीआर (जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं तो आकडा) पडलाय, क्वालिटी स्कोअर (जाहिरातीच्या दर्जाला गूगल 10 पैकी देतं ते गुण) 3 दाखवतोय, क्लिक महाग पडतोय. माझ्याकडे येईपर्यंत एक उपाय मात्र सगळ्यांचा करून झालेला असतो, तो म्हणजे बिड, म्हणजे एका क्लिकसाठी लावलेली बोली, वाढवणे.

अहो, क्वालिटी स्कोअरमध्ये बिड कुठे आलीच नाही. त्यात बघतात तीन गोष्टी: अपेक्षित सीटीआर, जाहिरात सर्चशी किती जुळते आणि लँडिंग पेज, म्हणजे क्लिक केल्यावर उघडणारं पान, कसं आहे. बरं, जाहिरात वर दिसली की क्लिक जास्त येणारच हे गूगललाही कळतं, त्यामुळे अपेक्षित सीटीआर काढताना जागेचा फायदा ते आधीच बाजूला काढतं. म्हणजे पैसे टाकून वर गेलात तरी स्कोअर होता तिथेच.

एक अकाउंट तर मी विसरूच शकत नाही. अकाउंटिंग सॉफ्टवेअर विकणारा माणूस, सगळे कीवर्ड (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची ते) ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासच्या कुठल्याही सर्चवर जाहिरात दिसणार, आणि गडी दीड महिना नुसत्या हेडलाइन बदलत बसलेला. मी म्हटलं सर्च टर्म रिपोर्ट, म्हणजे लोकांनी नेमकं काय सर्च केल्यावर जाहिरात दिसली त्याची यादी, कधी उघडलास? तर म्हणे तो कुठे असतो. उघडला, आणि आत कोण तर अकाउंटंटची नोकरी शोधणारे, मोफत डाउनलोड हवं असणारे, कॉलेजच्या नोट्स शोधणारे, आणि दुसऱ्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड विसरलेले. या लोकांनी क्लिक का करावं? आणि केलं की पैसे याचेच जाणार. हेडलाइन सोन्याची लिहिली असती तरी काय उपयोग होता!

एक अख्खी संध्याकाळ बसून निगेटिव्ह कीवर्ड टाकले, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसायलाच नको ते. इथेही नवशिके हमखास फसतात, निगेटिव्हमध्ये 'नोकरी' टाकलं म्हणून 'नोकऱ्या' आपोआप अडत नाही, दोन्ही रूपं हाताने टाकायची. सीटीआर आठवड्यात सुधारला. पण चौथ्याच दिवशी याचा फोन, सर, स्कोअर अजून 3 च आहे. अरे असणारच, कारण तो स्कोअर तुझा कीवर्ड लोकांनी जसाच्या तसा सर्च केला तेवढ्यावरच निघतो, बाकी कचरा त्यात धरतच नाहीत. कचरा काढून पैसे वाचले, स्कोअरचं दुखणं वेगळं होतं. एका ॲड ग्रुपमध्ये (कीवर्ड आणि त्यांच्या जाहिराती एकत्र ठेवायचा गट) चाळीसेक कीवर्ड, सगळ्यांना मिळून एकच जाहिरात, आणि क्लिक केलं की होमपेज. बिलिंग शोधणाऱ्याला बिलिंगचं पेज आणि पगारपत्रक शोधणाऱ्याला पगारपत्रकाचं, एवढं वेगळं केल्यावर मग आकडा हळूहळू हलला.

तेव्हापासून नवीन कॅम्पेन असलं की पहिले दहा दिवस मी रोज सर्च टर्म बघतो आणि जाहिरातीला हातच लावत नाही. कंटाळवाणं आहे, पण ज्यांना दोन दिवसांत रिझल्ट हवाय त्यांनी या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे सीटीआर वाढवायला हेडलाइनमध्ये 'मोफत' घुसडणे. क्लिक वाढतात हो, धो धो वाढतात, फक्त घेणारा एक नसतो. मी तर उलट करतो, वस्तू महाग असेल तर किंमत जाहिरातीतच लिहून टाकतो, फुकटे तिथूनच परत जातात. सीटीआर थोडा कमी झाला तर होऊ दे.

बाकीचं पटापट सांगतो.

स्वतःची जाहिरात दिसते का हे बघायला दिवसातून वीसदा सर्च करू नका, क्लिक न करता फुकट इंप्रेशन, म्हणजे जाहिरात दिसल्याचे आकडे, वाढतात. त्यासाठी अकाउंटमध्येच ॲड प्रिव्ह्यूचं टूल दिलंय.

डिस्प्लेचा, म्हणजे इतर वेबसाइटवर दिसणाऱ्या जाहिरातींचा, सीटीआर सर्चच्या शेजारी ठेवून रडू नका, तिथे माणूस काही शोधायला आलेलाच नसतो.

एका जाहिरातीत 15 हेडलाइन टाकता येतात म्हणून एकच वाक्य 15 वेळा फिरवून लिहू नका.

ऑप्टिमायझेशन स्कोअर (अकाउंट किती नीट लावलंय याचा गूगलचा टक्क्यांतला अंदाज) म्हणजे क्वालिटी स्कोअर नव्हे. तो 100 टक्के करायच्या नादात गूगलच्या प्रत्येक सूचनेवर अप्लाय दाबणारे लोक बघितले की हात जोडावेसे वाटतात.

आणि क्वालिटी स्कोअरच्या जागी नुसती आडवी रेघ दिसत असेल तर अकाउंट बिघडलेलं नाही, तेवढे सर्चच अजून झाले नाहीत, कीवर्ड डिलीट करून परत टाकू नका.