लैंगिक आजाराबद्दल पेशंटशी कसं बोलावं

सोलापुरात विडी वळणारी बाई कंबर दुखते म्हणून येते. अंगावरून पांढरं जातं हे उठता उठता सांगते. म्हणून सासूला, नवऱ्याला आधीच बाहेर बसवा. तेलुगू बोलणारी असेल तर दुभाषी घरचा नको, नर्सताई बऱ्या.

'हे मी सगळ्यांनाच विचारते' अशी सुरुवात करा. वास, खाज, जखम, लघवीला जळजळ? संबंध कुणाकुणाशी, निरोध वापरता का? 'बाहेरख्याली' हा शब्द तोंडातून गेला की पुढचं खरं उत्तर गेलंच!

पुरुषाच्या लिंगातून पू येत असेल तर करडं किट (सरकारी दवाखान्यात मिळणारं करड्या रंगाचं औषधांचं पाकीट): अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम, एकदाच. ७ दिवस संबंध नको. जोडीदाराला औषध दिलं नाही तर आजार परततो. एचआयव्ही तपासणी संमतीनेच.