वर्गणीदारांचे पत्ते साफ करताना : वर्गणी विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

मासिकाच्या वर्गणी विभागात नवीन माणूस आला की त्याच्याकडे दोन गोष्टी येतात: वर्षानुवर्षं वाढत गेलेली एक्सेलची यादी आणि परत आलेल्या अंकांचा गठ्ठा. आधी गठ्ठा वाचा. वेष्टनावरचा पोस्टमनचा शेरा सगळं सांगतो. ‘पत्ता अपुरा’ असेल तर चूक आपल्या यादीत आहे. ‘घर सोडून गेले’ असेल तर फोनच करावा लागतो. ‘घेण्यास नकार’ हा पत्त्याचा प्रश्न नाही. आणि ‘मयत’ असेल तर ते नाव त्याच दिवशी बाजूला काढा. गेलेल्या माणसाच्या नावानं पुन्हा अंक आला की घरच्यांच्या जिवाला लागतं.

आता यादी. मूळ पत्त्याचा रकाना कधीही पुसायचा नाही. शेजारी नवे रकाने करा: नाव, घर-इमारत, रस्ता-खूण, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, मोबाईल. शेवटी एक रकाना ‘कशावरून बदललं’ यासाठी. सहा महिन्यांनी तक्रार आली की तोच उपयोगी पडतो.

सुरुवात पिनपासून करा. मधल्या जागा काढा, आकडे सगळीकडे एकाच लिपीत आणा, मग लांबी सहा आहे का पाहा. वेबसाइटवरून चिकटवलेल्या मजकुरातली न दिसणारी जागा एक्सेलच्या ट्रिम (TRIM) या सूत्रानं जात नाही. ती साधी जागा नसून १६० क्रमांकाचं वेगळं चिन्ह, CHAR(160), असते; सबस्टिट्यूट (SUBSTITUTE) हे सूत्र वापरून काढावी लागते. परदेशातल्या वर्गणीदारांसाठी हा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा, नाहीतर न्यू जर्सीतल्या एडिसनचा ०८८२० हा कोड ८८२० होऊन बसतो.

पिनचे पहिले तीन आकडे टपाल वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. हा टपालाचा जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. बारामती पुणे जिल्ह्यात, पण पिन ४१३१०२; सोलापूरही ४१३ मध्येच. नवखा माणूस ‘जिल्हा पुणे, मग ४१३ कसा?’ म्हणून बरोबर पिन बिघडवतो.

सहा आकडे जुळले म्हणजे झालं असंही नाही. पुण्यातलं वडगाव शेरी ४११०१४ आणि वडगाव बुद्रुक ४११०४१. शेवटचे दोन आकडे उलटे झाले की अंक शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि दोन्ही पिन खरे असल्यामुळे कुठलंही सूत्र ही चूक पकडत नाही. अशा वेळी पत्त्यातले बाकीचे शब्द वाचावे लागतात. ‘धायरी फाटा’ किंवा ‘सिंहगड रस्ता’ असेल तर ४११०४१, ‘चंदननगर’ असेल तर ४११०१४. नुसतं ‘वडगाव’ असेल तर अंदाज नको: मावळातलं वडगाव ४१२१०६ आहे, कोल्हापूरकडचं पेठ वडगाव ४१६११२. एकाच नावाच्या गावांचा हा घोळ सुटावा म्हणूनच श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. म्हणून बु., खु. ही अक्षरं फालतू समजून कापू नका.

‘मु. पो.’ सुद्धा नीट वाचा. ‘मु. पो. अमुक’ म्हणजे गावातच पोस्ट आहे. ‘मु. अमुक, पो. तमुक’ म्हणजे पोस्ट शेजारच्या गावात. रकाने पाडताना दोन्ही एकत्र केले की पोस्टाचं नाव हरवतं, आणि ग्रामीण पत्त्याचा जीव त्या नावात असतो. जिल्ह्याचं नाव मात्र फार अडवत नाही: उस्मानाबाद-धाराशिव, अहमदनगर-अहिल्यानगर यांपैकी नवं लिहा आणि पुढे चला.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली यादी रूपांतरित केली असेल तर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. मोडतोड तिथेच होते. ‘कऱ्हाड’ आणि ‘कराड’ ही एकाच गावाची नावं, पण यादीत वेगळी गावं म्हणून मोजली जातात. शिवाय ‘ऱ’ दोन प्रकारे साठवला जातो, त्यामुळे डोळ्यांना सारखं दिसणारं ‘कऱ्हाड’सुद्धा शोधताना सापडत नाही.

दुबार नावं सगळ्यात शेवटी. दत्तात्रय आणि दत्तात्रेय, मोबाईल एकच, पिन एकच: बहुधा एकच माणूस. पण आडनाव आणि घर सारखं एवढ्यावरून ओळ उडवू नका. एका घरात दोघा भावांच्या वेगळ्या वर्गण्या असतात, कुणी भेट म्हणून भरलेली असते. पावती क्रमांक पाहा, मगच जोडा.

लेबलं छापण्याआधी पिनप्रमाणे क्रम लावा आणि पन्नास लेबलं साध्या कागदावर काढून पाहा. लांब पत्त्याची शेवटची ओळ कापली जाते, आणि पिन त्याच ओळीत असतो.