पुली लहान करायच्या आधी ट्रकच्या इंजिनाची तयारी

रॅम टीआरएक्स असो, फोर्ड रॅप्टर आर असो, नाहीतर नंतर सुपरचार्जर बसवून घेतलेला कुठला व्ही८ पिकअप, ब्लोअरची (म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या सुपरचार्जरची) बेल्टवर फिरणारी पुली काढून लहान बसवणं हा कमी खर्चात पटकन ताकद देणारा बदल आहे हे मान्य. पण इंजिन झिजवण्यातही तो तेवढाच पटकन आहे, आणि ट्रकमध्ये तर जास्तच, कारण कारमध्ये फुल बूस्ट (ब्लोअरने दाबलेल्या हवेचा पूर्ण दाब) काही सेकंद टिकतो पण टीआरएक्ससारखा जवळपास २,९०० किलोचा ट्रक वाळूत किंवा ट्रेलर घेऊन चढावर असेल तर तोच लोड मिनिटभर, कधी त्याहून जास्त चालतो. म्हणून कारवाल्याने "मला काही झालं नाही" सांगितलं तरी ते ट्रकला लागू होत नाही. पुली सगळ्यात शेवटी बसवायची, त्याच्या आधीचं सगळं खाली लिहितोय.

आधी कागदावर हिशोब करा. पुली १० टक्के लहान केली की ब्लोअर साधारण ११ टक्के जास्त फिरतो, म्हणजे रेडलाइनला (इंजिनाच्या कमाल वेगाला) १४,६०० आरपीएम फिरणारा ब्लोअर १६,२०० च्या वर जातो, आणि तो त्याच्या कंपनीने दिलेल्या लिमिटमध्ये बसतोय का हे पुली ऑर्डर करायच्या आधीच बघायचं. दुसरा हिशोब उष्णतेचा, जो बहुतेक जण करतच नाहीत. टीआरएक्सला स्टॉकमध्ये (कंपनीतून येते तशी) ११ पीएसआयच्या आसपास बूस्ट असतो, तेवढ्यावर २५ अंशाची हवा ढोबळमानाने १०५ अंशांपर्यंत तापून ब्लोअरमधून बाहेर पडते, अजून ३ पीएसआय वाढवले की १२० च्या पुढे. ही वरची सगळी उष्णता इंटरकूलरनेच (ही हवा कूलंटने थंड करणाऱ्या भागानेच) काढायची आहे, त्यामुळे त्याचा पंप नीट फिरतोय का, कूलंटमध्ये हवा अडकली आहे का, पुढचा हीट एक्स्चेंजर चिखलाने बुजलाय का हे तिन्ही बघा. उष्णता निघाली नाही तर नॉकिंग (इंधनाचा अवेळी, धक्का देणारा स्फोट) सुरू होतं, आणि नॉकिंगचे धक्के पिस्टनमधून थेट कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर बसतात, बऱ्याचदा आवाज ऐकू येण्याच्या आधीच नुकसान झालेलं असतं.

आता इंजिनाची तब्येत. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडर किती दाब तयार करतो) आणि लीकडाउन टेस्ट (भरलेली हवा किती गळते) दोन्ही करा, एकावर भागवू नका, आणि सिलेंडर-सिलेंडरमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर पुलीचा विषय तिथेच थांबवा. कोल्ड स्टार्टला टिकटिक येत असेल आणि गरम झाल्यावरही जात नसेल तर आधी व्हॉल्व्ह उघडणारे लिफ्टर आणि कॅम बघून घ्या. पिस्टन फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, मजबूत) आहेत का साधे कास्ट (ओतीव) आणि रिंगचा गॅप किती हेही माहीत असायला हवं, कारण नॅचरली ॲस्पिरेटेड (ब्लोअरशिवाय चालणारं) म्हणून बनलेल्या इंजिनात रिंगच्या दोन टोकांमधला गॅप कमी ठेवलेला असतो, जास्त उष्णतेने रिंग फुगली की तिची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा रिंगलगतचा भाग तुटतो. तिथे कितीही चांगला ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग) केला तरी गॅप काही वाढत नाही.

ऑइलचा सॅम्पल पुली बदलायच्या आधी लॅबला पाठवा, माझ्या मते या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, कारण आधीचा आकडा नसेल तर नंतरचा आकडा बघून काहीच कळत नाही. तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग, लोखंड वाढलं तर बोअर (सिलेंडरची आतली भिंत), रिंग किंवा कॅम, ॲल्युमिनियम वाढलं तर बहुतेक पिस्टन, आणि सिलिकॉन म्हणजे धूळ (नवीन गॅस्केटच्या सीलंटमुळेही थोडं वाढतं, ते लक्षात ठेवा). ऑफरोड ट्रकला ही धूळच खरी शत्रू आहे. ब्लोअर जास्त हवा ओढायला लागला की एअरबॉक्सच्या सीलमधली बारीक फटसुद्धा धूळ आत घेते आणि ती बोअर आणि रिंग घासत बसते. फिल्टर नवीन घाला, झाकणाचं रबर तपासा, फिल्टरनंतर इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपमधून आतून बोट फिरवा, बोटाला माती लागली तर आधी गळती शोधा.

इंधनाकडे या. पंप आणि इंजेक्टरला नवीन बूस्ट पेलतोय का ते लॉग (कॉम्प्युटरने नोंदवलेले आकडे) बघून ठरवा, इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडे राहत असतील तर मोठे लागतील. मिश्रण लीन (पेट्रोल कमी) झालं तर पिस्टन वितळतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण भीतीपोटी खूप रिच (पेट्रोल जास्त) ठेवलं तरी झीज होतेच, जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि ऑइल पातळ होतं. स्पार्क प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा) आणि त्याचा गॅप कमी, ट्यूनर सांगेल तेवढा. कॅच कॅन (ऑइलची वाफ अडवणारा डबा) लावा, ब्लोबायचं (रिंगमधून निसटलेल्या गॅसबरोबर येणारं) ऑइल इनटेकमध्ये गेलं की नॉकिंग लवकर येतं.

बेल्टच्या बाबतीत लोक हमखास चुकतात. लहान पुलीवर बेल्टची पकड कमी, बेल्ट घसरतो, मग टेन्शन वाढवतात, आणि ते टेन्शन क्रँकच्या पुढच्या मेन बेअरिंगला आणि ब्लोअरच्या शाफ्टच्या बेअरिंगला ओढत राहतं. त्यापेक्षा जास्तीचा आयडलर (बेल्टला वळवणारी मोकळी पुली) लावून बेल्टचा वेढा वाढवा आणि सगळ्या पुली एका रेषेत आहेत का ते मोजा. खालची, म्हणजे क्रँकवरची, मोठी पुली लावणार असाल तर डॅम्पर असलेलीच घ्या, नुसता लोखंडी गोळा लावला तर क्रँकची कंपनं शोषायला काही राहत नाही. जीएमच्या एलएस इंजिनात बॅलन्सर (हाच तो डॅम्पर) जागेवर पकडणाऱ्या चावीशिवाय नुसता दाबून बसवलेला असतो, तिथे क्रँकला पिन मारून घ्या आणि बोल्ट नवीनच वापरा. वरची, ब्लोअरची पुली पुलरनेच (ओढून काढायच्या अवजारानेच) काढा, हातोडा लावू नका.

मग ट्यून. २०१५ नंतरच्या बऱ्याच क्रायस्लर गाड्यांचा कॉम्प्युटर लॉक असतो, त्याची सोय आधी करा, जुन्या ट्यूनवर एकही फुल थ्रॉटल नको. पहिले लॉग उन्हाच्या दिवशी आणि लोड घेऊन काढा, त्यात नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे कॉम्प्युटरने स्पार्क किती उशिरा केला), इनटेकचं तापमान, फ्युएल प्रेशर, मिश्रण आणि बूस्ट. वरच्या आरपीएमला बूस्ट पडत असेल तर आधी बेल्ट घसरतोय का बघा. एकामागोमाग एक पुल (फुल थ्रॉटलच्या धावा) केल्यावर तापमान किती वेळात खाली येतं हेही लिहून ठेवा, तेवढा वेळ मध्ये द्यायचाच.

पहिलं ऑइल नेहमीपेक्षा बरंच लवकर बदला आणि त्याचा सॅम्पल त्याच लॅबला पाठवा. स्टॉक पुली आणि जुनी ट्यून फाइल जपून ठेवा, लांबवर जड ट्रेलर ओढायचा असेल तेव्हा दोन्ही परत चढवा.