लिंक मेली तरी दिवा हिरवाच: व्हर्च्युअल स्विचमधला बिघाड कसा शोधायचा

खऱ्या स्विचची केबल उपटली की दोन्हीकडचे दिवे विझतात. व्हर्च्युअल स्विच म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच, त्याला केबलच नाही. म्हणून ‘लिंक पाडली, पण समोरच्या स्विचला पत्ताच नाही’ अशी तक्रार आली की मी आधी उलट विचारतो: पाडली कुठून?

बरंचसं उत्तर तिथेच मिळतं. दोन ब्रिज (लिनक्समधले सॉफ्टवेअर स्विच) व्हीइथ जोडीने, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दोन व्हर्च्युअल पोर्टांनी जोडले असतील, तर एक टोक डाउन करताच दुसऱ्यावर ‘नो-कॅरिअर’ (पलीकडून सिग्नल नाही) दिसतं. तिथे तक्रारीला जागा नाही. पण स्विच क्यूईमू या सॉफ्टवेअरने चालवलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल, तर तो टॅप इंटरफेसमधून (मशीनच्या कार्डाचं बाहेरचं टोक) होस्टच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाच्या ब्रिजला लागलेला असतो. ब्रिजच्या पलीकडे काहीही होवो, आतलं व्हर्टआयओ, म्हणजे व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड ‘अप’च म्हणणार. क्यूईमू सांगेल तेवढंच त्याला कळतं. व्हर्च्युअल मशीन हाताळणाऱ्या व्हर्श कमांडच्या ‘डोमआयएफ-सेटलिंक’ने ते कार्ड डाउन करता येतं, पण त्यानेही फक्त त्याच मशीनला कळतं, समोरच्याला नाही.

तेव्हा कॅरिअरवर विसंबू नका. मधल्या इंटरफेसवर लिनक्सच्या टीसी कमांडमधल्या नेटेमने (मुद्दाम बिघाड घडवणारं साधन) १०० टक्के लॉस लावा आणि तोही आधी एकाच दिशेने. इंटरफेस अपच राहतो, पॅकेट मात्र गडप होतात. प्रत्यक्षात अडचणीत आणणारे बिघाड असेच असतात.

लॉस लावला की घड्याळ बघा, घाई नको. जुन्या एसटीपीत (स्विचमधली चक्रं टाळणारा प्रोटोकॉल) अप्रत्यक्ष बिघाड कळून नवा मार्ग खुला व्हायला २० अधिक १५ अधिक १५, म्हणजे ५० सेकंद लागू शकतात. त्याचीच वेगवान आवृत्ती आरएसटीपी तीन हॅलो संदेश चुकले की हलते, म्हणजे ६ सेकंदांत. एलएसीपी (अनेक लिंक एकत्र बांधणारा प्रोटोकॉल) स्लो असेल तर ९० सेकंद, फास्ट असेल तर ३. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, कारण माणूस स्लोवर बसून १० सेकंदांत निकाल मागत असतो.

एलएसीपी मुळात जुळतच नसेल, तर मध्ये लिनक्स ब्रिज आहे का बघा. एलएसीपीच्या फ्रेम ०१-८०-सी२-००-००-०२ या पत्त्यावर जातात, आणि त्या तो पुढे पाठवत नाही. ब्रिजचा ग्रुप फॉरवर्ड मास्क (अशा राखीव पत्त्यांपैकी काय पुढे सोडायचं ते सेटिंग) बदलून एलएलडीपी (शेजारचं उपकरण ओळखण्याचा प्रोटोकॉल) सोडता येतं, एलएसीपीचा बिट मात्र तिथे नाकारला जातो. यावर डोकं लढवत बसण्यापेक्षा ब्रिज काढा आणि दोन्ही मशीन क्यूईमूच्या सॉकेटने थेट जोडा.

स्विच दोन वेगळ्या होस्टवर असतील आणि मध्ये व्हीएक्सलॅन टनेल (फ्रेम यूडीपी पॅकेटात घालून नेणारी वाट) असेल, तर माझ्या मते बीएफडीला, म्हणजे पलीकडचं टोक जिवंत आहे का हे सतत तपासणाऱ्या प्रोटोकॉलला, पर्याय नाही. ओपन व्हीस्विच या व्हर्च्युअल स्विचमध्ये ते टनेलच्या इंटरफेसवर, दोन्ही टोकांना चालू करावं लागतं. मूळ सेटिंगमध्ये पाठवण्याचा किमान काळ १०० मिलिसेकंद आणि घेण्याचा १०००. दोन्हींतला मोठा धरला जातो आणि गुणक ३, म्हणून निदानाला साधारण ३ सेकंद. नुसता पाठवण्याचा आकडा कमी करून काही होत नाही, घेण्याचाही कमी करा.

आता ओपन व्हीस्विचच्या ‘बीएफडी/शो’ कमांडचं आउटपुट दोन्ही होस्टवर शेजारी शेजारी उघडा. दोन्हीकडे डाउन असेल तर कुणालाच कुणाचं ऐकू येत नाहीये: यूडीपी पोर्ट ४७८९ फायरवॉलमध्ये अडलंय का आणि टनेलचे आयपी बरोबर आहेत का, ते बघा. खरी गंमत एक बाजू इनिट (डाउन आणि अपच्या मधली स्थिती) आणि दुसरी डाउन असते तेव्हा. इनिटवाल्याला समोरचा ‘मी डाउन आहे’ म्हणतोय हे ऐकू येतंय, म्हणूनच तो डाउनवरून इनिटला आला. डाउनवाला ठार बहिरा आहे. म्हणजे बिघाड इनिटकडून डाउनकडे जाणाऱ्या दिशेत. टीसीपीडम्प (पॅकेट पकडून दाखवणारं साधन) डाउनवाल्या होस्टच्या भौतिक कार्डावर लावा. पॅकेट तिथे येत असतील तर दोष त्याच्याच फायरवॉलचा किंवा टनेलच्या सेटिंगचा. येत नसतील तर मधल्या नेटवर्कचा किंवा पाठवणाऱ्याचा.

बीएफडीचं सेशन उगाच वरखाली होत असेल तर नेटवर्कला शिव्या घालण्याआधी टॉप कमांडमधला ‘एसटी’ रकाना बघा. स्विच स्वतःच एखाद्या मशीनमध्ये असेल आणि तिथे आकडा चढलेला असेल, तर त्याला सीपीयूच मिळत नाहीये. तिथे बीएफडीचा काळ ५० मिलिसेकंदांवर आणायचा हट्ट सोडा.

आणि बीएफडी अप असूनही फाइल कॉपी अडकत असेल, तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा. बीएफडीचं कंट्रोल पॅकेट साधारण २४ बाइटचं, ते कुठूनही निसटतं. व्हीएक्सलॅन ५० बाइट खातं, म्हणून १५०० च्या नेटवर्कवर आत १४५० उरतात. एका मशीनवरून दुसऱ्याला, फ्रॅगमेंट करू नको असं सांगून, १४२२ बाइटचा पिंग मारा, मग १४७२ चा. पहिला गेला आणि दुसरा अडकला तर मशीनच्या आत एमटीयू १४५० करा, किंवा खालच्या नेटवर्कचा किमान १५५० वर न्या. पहिलाही अडकला तर खालच्या वाटेवर कुठेतरी एमटीयू १५०० पेक्षाही कमी आहे; आकडा उतरवत पिंग मारत जा.